शिकून परत आल्यावर काय करणार?

गेले तीन वीकेंड आमच्या हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये एकच नाटक चालू आहे. रूममेट सोफ्यावर बसतो, मी समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर, पाठ ताठ करून. तो पॅनेल, मी उमेदवार. परदेशातल्या एका विद्यापीठात वर्षभराच्या मास्टर्ससाठी शिष्यवृत्तीचा अर्ज केलाय आणि चक्क मुलाखतीचं बोलावणं आलंय. विषय आहे शहरांच्या पाणीपुरवठ्याचं नियोजन. (हो, पाच वर्षं बँकांची सॉफ्टवेअरं लिहिल्यावर! ती एक वेगळीच कथा आहे.)

तयारी मी इंजिनिअरसारखीच केली. एक्सेल शीट, ४२ संभाव्य प्रश्न, प्रत्येकाचं दीड मिनिटाचं उत्तर, अवघड प्रश्नांचा रकाना लाल. नेतृत्वाचा प्रसंग सांगा, अपयशाचा प्रसंग सांगा, हाच विषय का, हेच विद्यापीठ का... सगळं पाठ. फक्त १७ नंबरचा प्रश्न आला की गाडी अडायची.

"परत आल्यावर काय करणार?"

शिष्यवृत्तीची अट आहे की शिक्षण संपलं की मायदेशी परत यायचं आणि किमान दोन वर्षं इथेच राहायचं. माझं उत्तर तयार होतं. 'मिळालेल्या ज्ञानाचा समाजासाठी उपयोग' वगैरे. रूममेटने ते तीनदा ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अरे, हे तर कंपनीच्या ब्रोशरमधलं वाटतंय. तुला स्वतःला पटतंय का?"

पटत नव्हतं. मग मी नेहमीप्रमाणे करायचं ते काम सोडून भलतंच वाचायला घेतलं. म्हटलं, आपल्या आधी ज्यांनी असे अर्ज केले त्यांनी या प्रश्नाचं काय केलं? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एक्सेल शीट नव्हती, पण पॅनेल होतं, शिफारसपत्र होतं, अटी होत्या आणि करारही होता.

पहिली गोष्ट पुण्यातलीच. कॉर्नेलिया सोराबजी. जन्म १८६६, नाशिकचा. शिक्षण डेक्कन कॉलेजात. मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर. १८८० च्या दशकाच्या अखेरीस बी.ए.च्या परीक्षेत पहिला वर्ग. हा निकाल एखाद्या मुलाचा असता तर इंग्लंडमध्ये शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळण्याचा हक्क त्याच्याकडे आला असता. कॉर्नेलियाला ती मिळाली नाही. कारण एकच, ती मुलगी होती. गुण होते, तयारी होती, पण पात्रतेच्या रकान्यातच ती बसत नव्हती. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर फॉर्मच सबमिट होत नव्हता.

तिने काही काळ अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकवलं. इंग्लंडमधल्या मेरी हॉबहाउस वगैरे हितचिंतकांनी वर्गणी गोळा केली, त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होती. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलला पोचली. १८९२ मध्ये कायद्याची बी.सी.एल. परीक्षा दिली. पदवी हातात पडली १९२२ साली, कारण १९२० पर्यंत ऑक्सफर्ड बायकांना पदव्याच देत नव्हतं. परीक्षा आणि पदवी यांत ३० वर्षं! आपण निकालाचा ईमेल दोन दिवस उशिरा आला तर पॅनेलच्या नावाने बोटं मोडतो.

तिने परीक्षा दिली त्याच वर्षी, १८९२ मध्ये, जमशेटजी टाटांनी मुंबईत जे. एन. टाटा एन्डाउमेंट सुरू केली. पहिली निवड झाली ती फ्रेनी कामा या स्त्री डॉक्टरची. सुरुवातीला ही सोय फक्त पारश्यांसाठी होती, १८९४ पासून सगळ्यांना खुली झाली. हे पैसे म्हणजे दान नव्हतं, कर्ज होतं. शिका, कमवा, परत करा, म्हणजे तेच पैसे पुढच्याला देता येतील. मला ही रचना फार आवडली. देणारा आणि घेणारा दोघांचेही डोळे उघडे. शिकून आल्यावर काय करणार, हा प्रश्न इथे जवळजवळ नाहीच. काहीही करा, हप्ते भरा.

पण मी अडकलो होतो तो प्रश्न खऱ्या अर्थाने भेटला तिसऱ्या गोष्टीत. ही गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत असते, निदान तसं आपल्याला वाटतं. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना अमेरिकेला पाठवलं. शाळेच्या पुस्तकात एवढं एकच वाक्य होतं. मी धनंजय कीर आणि चां. भ. खैरमोडे यांची चरित्रं काढून बसलो आणि या एका वाक्याच्या आत केवढं काय काय आहे ते दिसायला लागलं.

आधी गुणांचं बघू. मॅट्रिकला भीमरावांना ७५० पैकी २८२ गुण होते. म्हणजे ३७.६ टक्के. आजच्या कुठल्याही ऑनलाइन अर्जात हा उमेदवार पहिल्याच चाळणीत गळाला असता. पण चाळणी यंत्राची नव्हती. कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाचे एक शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेत रोज वाचत बसणारा हा मुलगा त्यांना दिसला आणि त्यांनी त्याची चौकशी केली. मॅट्रिक झाल्याबद्दल त्याचा सत्कार झाला तेव्हा त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. पुढे कॉलेजच्या खर्चाची अडचण आली तेव्हा त्याला सयाजीरावांकडे घेऊन गेले तेही केळुसकरच. महाराजांनी मुलाला प्रश्न विचारले, उत्तरं पटली आणि दरमहा २५ रुपये मंजूर झाले. आपण ज्याला रेकमेंडेशन म्हणतो ते मुळात हे असतं. साहेबांना ईमेल टाकून 'सर, जरा पोर्टलवर अपलोड करा ना' नव्हे. (मी तेच केलंय. ड्राफ्टसुद्धा मीच लिहून दिला. असो.)

एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाल्यावर जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ ला रामजी सुभेदार गेले. घरची सगळी जबाबदारी एकवीस वर्षांच्या मुलावर. त्याच सुमारास सयाजीराव काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवायच्या विचारात होते. भीमराव त्यांना मुंबईत भेटले.

चरित्रात या भेटीचा प्रसंग आला आणि मी वाचता वाचता सरळ उठून बसलो. कारण महाराजांनी विचारलं ते हेच, काय शिकायचंय आणि शिकून काय करणार? भीमरावांनी समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र सांगितलं, विशेषतः सरकारी जमाखर्चाचं शास्त्र. आणि या शिक्षणातून आपल्या समाजाची स्थिती सुधारायचे मार्ग सापडतील असं सांगितलं. मग महाराजांनी दुसरा, जास्त अवघड प्रश्न टाकला. आमची नोकरीही करायची आहे, मग दोन्ही कसं जमवणार? आपण संधी दिलीत तर जमवीन, अशा अर्थाचं उत्तर आलं.

या उत्तरात सेवा, समर्पण असले मोठे शब्द नाहीत. पण एक 'तर' आहे. तुम्ही संधी दिलीत तर. उमेदवार अतिशय नम्रपणे पॅनेलच्याही वाट्याचं काम पॅनेलला सांगतोय.

४ जून १९१३ ला करारावर सही झाली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, १५ जून १९१३ पासून १४ जून १९१६ पर्यंत. हिशेब केला तर ४१४ पौंड होतात. ठरलेले विषय शिकायचे आणि शिकून आल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षं नोकरी करायची. दहा वर्षं! आमच्या क्षेत्रात कंपनीने दोन वर्षांचा बॉण्ड म्हटलं की लोक वकिलाला फोन लावतात.

जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोचले आणि पुढच्या तीन वर्षांत त्यांनी जे केलं त्याची यादी वाचून मला स्वतःच्या एक्सेल शीटची लाज वाटली. एकूण ६० अभ्यासक्रम. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मनचा एकेक. १९१५ ला एम.ए. मे १९१६ मध्ये जातिसंस्थेवरचा तो प्रसिद्ध निबंध. त्याच वर्षी भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नावरचा प्रबंध. तोही त्याच साडेअकरा पौंडांतून घरी पैसे पाठवून. मुदत वाढवून घेऊन ते १९१६ मध्ये लंडनला गेले, तिथे अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरी दोन्ही सुरू केलं. पण वाढीव मुदत संपली आणि बडोद्याहून बोलावणं आलं. अभ्यास अर्धा टाकून ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईत परतले. सामान वेगळ्या बोटीने येत होतं, ती बोट महायुद्धात बुडाली. सामानाची नुकसानभरपाई म्हणून ६०० रुपये मिळाले आणि त्यातूनच बडोद्याला जायचा खर्च भागला.

इथपर्यंत उमेदवाराने कराराचा शब्द न् शब्द पाळलेला आहे. ठरलेल्यापेक्षा जास्तच शिकला, बोलावल्यावर परत आला, नोकरीवर हजर झाला.

आणि बडोद्यात त्याला राहायला खोली मिळेना.

हा भाग आंबेडकरांनी स्वतःच लिहून ठेवलाय, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनपर लेखनात. स्टेशनवर उतरल्यावर पहिला प्रश्न, जायचं कुठे? हिंदू हॉटेलं जात विचारणार. शेवटी एका पारशी वसतिगृहात पारशी नाव लिहून ते राहिले, दिवसाला दीड रुपया. वरच्या मजल्यावर अडगळीत, अंधुक दिव्याशी, एकटेच. कचेरीत शिपाई फायली हातात न देता टेबलावर फेकायचे असं चरित्रकार सांगतात. अकराव्या दिवशी सकाळी ते कामावर निघत होते तेव्हा काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून वर आले. संध्याकाळपर्यंत निघून जा म्हणाले. आंबेडकरांनी शहरातल्या दोन मित्रांना विचारलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. मुंबईची गाडी रात्री ९ वाजता होती. मधले पाच तास त्यांनी कामाठी बागेत, म्हणजे आताच्या सयाजी बागेत, बसून काढले.

दहा वर्षांचा करार अकरा दिवसांत मोडला.

मी दोन-तीनदा मागे जाऊन वाचलं. महाराजांची नियत खोटी नव्हती. पैसे वेळेवर आले होते, मुदतवाढ मिळाली होती, नोकरीची जागा होती, पगार होता. करारात विषय लिहिले होते, तारखा लिहिल्या होत्या, वर्षं लिहिली होती. खोली लिहिलेली नव्हती. कुणाला लिहावीशी वाटलीच नसणार. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला 'गृहीतक' म्हणतो आणि सिस्टिम कोसळते ती नेहमी अशाच न लिहिलेल्या गृहीतकावर.

रविवारी सकाळी हे सगळं मी रूममेटला सांगितलं. तो ऐकत होता, मध्ये काही बोलला नाही. मग म्हणाला, "आपण हा फ्लॅट शोधत होतो तेव्हाचं आठवतंय का?"

आठवत होतं. औंधमधला एक फ्लॅट जवळजवळ ठरला होता. एजंटने फोनवर आमची दोघांची पूर्ण नावं विचारली, आडनावासकट. तासाभराने फोन आला की मालकांचा विचार बदललाय. मी तेव्हा म्हणालो होतो, जाऊ दे, भाडं वाढवायचं असेल. रूममेट काहीच म्हणाला नव्हता. मला कारण तेव्हा कळलं नव्हतं असं नाही. कळून घेतलं नव्हतं, हे जास्त खरं.

"मला इंजिनिअरिंगला काय मिळायचं माहितीये?" तो म्हणाला. "पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिप. चार वर्षं. आणि समाजकल्याणचं होस्टेल. ते नसतं तर फी माफ होऊनही उपयोग नव्हता. शहरात राहणार कुठे?"

मग मी गोष्टीचा पुढचा भाग शोधला. मुंबईला परतल्यावर आंबेडकर सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून ५ हजारांचं कर्ज घेऊन १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि अर्धं राहिलेलं शिक्षण पूर्ण करून १९२३ मध्ये परत आले. आता या माणसाने सार्वजनिक कामात पहिल्या काही गोष्टी कोणत्या केल्या? १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि १९२५ मध्ये या सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केलं. वसतिगृह! म्हणजे आधी खोली.

१९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले तेव्हा त्यांनी सरकारला निवेदन दिलं. त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी, परदेशातल्या शिक्षणासाठीसुद्धा, सरकारी पैशाची मागणी होती. १९४४-४५ पासून मॅट्रिकनंतरच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती सुरू झाली. तीच ही, जिच्यावर माझा रूममेट इंजिनिअर झाला आणि आता समोर सोफ्यावर बसून माझी मुलाखत घेतोय.

शिकून परत आल्यावर काय करणार, या प्रश्नाचं उत्तर बडोद्याला हवं होतं त्या स्वरूपात आंबेडकरांना देता आलं नाही. पण त्यांनी उत्तर दिलंच. अर्ज करणारा उमेदवार पुढे अटी लिहिणारा झाला आणि त्याने स्वतःला नडलेली अट आधी दुरुस्त केली.

आता माझं. मी मूळचा लातूरचा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणलं होतं ते तुम्हाला बातम्यांतून आठवत असेल. आम्हाला ते घरच्या बादल्यांवरून आठवतं. आई फोनवर आधी पाण्याचं सांगायची, मग तब्येतीचं. माझ्या अर्जाच्या निबंधात ही रेल्वे पहिल्याच परिच्छेदात आहे. छान वाटतं वाचायला. पण परत आल्यावर लातुरात नेमकी कुठली खुर्ची, कुठलं ऑफिस, कुणाबरोबर काम, हे मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं. माझीही खोली लिहायची राहिली होती.

म्हणून रविवारी दुपारी मामाला फोन केला, त्याने पाणीपुरवठ्याच्या कामातून रिटायर झालेल्या एका ओळखीच्या काकांचा नंबर दिला. काका तासभर बोलले. सार असं की तू शिकून येशील त्या नावाची पोस्टच इथे नाही. कुणी तुझी वाट बघत बसलेलं नाही. पण शहराखालच्या जुन्या पाइपलाइनी कुठून कुठे जातात याचा धड एक नकाशा नाही, व्हॉल्व्ह कुठे आहेत ते ठरावीक माणसांच्या डोक्यात आहे आणि ती माणसं एकेक करून रिटायर होतायत. "ते कागदावर उतरवायला कुणी आलं तर मी बरोबर फिरेन," काका म्हणाले. "गुडघे आहेत तोवर."

१७ नंबरचं जुनं उत्तर मी डिलीट केलंय. नवीन उत्तर असं. परत आल्यावर माझ्यासाठी तिथे जागा तयार नाही, हे मी विचारून घेतलंय. मी पहिले सहा महिने एका रिटायर्ड माणसाबरोबर शहर पायी फिरून पाइपांचा नकाशा करणार. पुढचं त्या नकाशावरून ठरेल. घरच्या कर्जाचे हप्ते चालू आहेत, त्यामुळे संध्याकाळी सॉफ्टवेअरची कामं घ्यावी लागतील, तेही सांगणार.

रूममेटने ऐकलं, घड्याळात बघितलं. "एक मिनिट दहा सेकंद. ब्रोशर नाही वाटत आता." मग जरा थांबून म्हणाला, "निवड झाली तर इथे नवीन रूममेट शोधावा लागणार मला."

"मी जायच्या आधी शोधून देतो," मी म्हणालो. "आणि फ्लॅट बदलायची वेळ आली तर एजंटशी मी बोलतो. या वेळी कारण विचारीन."

मुलाखत येत्या गुरुवारी आहे. तोवर शीटमधले बाकीचे ४१ प्रश्नही पुन्हा बघायला हवेत, कारण त्यांच्याही उत्तरांचा मला आता संशय यायला लागलाय.